सुरी हातात देऊ नये

मी भांडकुदळ बाई आहे. हे मीच आधी सांगून टाकते, नाहीतर आमच्या शेजारची सुभद्रा सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल. माझा नवराही काही कमी नाही. नेल्सन एसटीत ड्रायव्हर होता. मालवण-कोल्हापूर गाडी फोंडाघाटातून चढवायचा, उतरवायचा, दिवसभर प्रवाशांवर ओरडायचा आणि उरलेला आवाज माझ्यासाठी घरी घेऊन यायचा. सोलकढीत लसूण जास्त झाली, यावर आमचं भांडण. चर्चला चालत जायचं की रिक्षाने, यावर भांडण. एकदा मी आणलेला बांगडा आजचा की कालचा, यावर आम्ही इतकं भांडलो की तेवढ्यात मांजराने बांगडा पळवला. सुभद्रा म्हणायची, "मारियान, सकाळी तुमचो आवाज इलो नाय तर माका चाय गोड लागणा नाय."

आणि अशा घरात गेल्या ईस्टरपासून चिडीचूप.

झालं असं, की ईस्टरच्या आधी एका सकाळी सुकतीच्या वेळी, म्हणजे पाणी ओसरलेलं असताना, नेल्सन खडकांवर कालवं काढायला गेला होता. रिटायर झाल्यापासून त्याचा तोच धंदा. गळ, एक पिशवी आणि त्याची ती सुरी. ती सुरी त्याने फोंडाघाटच्या एका लोहाराकडून करून घेतली होती, भंगारात निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची. जाड पाठीची, हाताच्या पंजाएवढ्या पात्याची. त्याच एका सुरीने तो आमिष कापायचा, कालवं उघडायचा, दोर तोडायचा, शहाळं सोलायचा, कुठे रानात थांबला तर चुलीला ढलप्या काढायचा. मिटणाऱ्या सुरीला तो सुरी म्हणायचाच नाही. तर त्या दिवशी कालव उघडताना ती सुरी हातातून खाली पडली. उचलायला वाकला, तर बोटं वळेनात. मग तोच पडला. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनी उचलून आणला म्हणून वाचला. सुरी तिथेच, खडकांच्या फटीत गेली ती गेली.

उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन चालायला लागला. बोलणंही आलं, जरा सावकाश. हात मात्र रुसूनच बसला. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना राग येईल असं काही करू नका. बीपी चढता कामा नये." शेजारी आमचा मुलगा जेरी उभा होता. तो मुंबईचा, शहाणा. म्हणाला, "मम्मी, तुझं तोंड तेवढं सांभाळ."

लागलं मला ते. पण सांभाळलं. देवाशपथ सांभाळलं.

नेल्सन म्हणाला मीठ कमी, की मी म्हणायचे, हो रे, कमीच पडलं. नेल्सन म्हणाला पंखा बंद कर, की मी बंद करायचे, मग घामाने माझी आंघोळ झाली तरी. बांगड्याचे काटे काढून मी मासा त्याच्या ताटात ठेवायचे. ज्या माणसाने आयुष्यात माशाचं डोकं कुणाला दिलं नाही, तो मुकाट्याने तो बिनकाट्याचा चिखल खायचा. घरातली सगळी पाती मी उचलून ठेवली. कोयती माळ्यावर, विळी मोरीच्या मागे, सुऱ्या कपाटात. व्यायाम करून घ्यायला विनीता म्हणून एक मुलगी यायची, ती म्हणायची, "आंटी, त्यांची मूठ छान मिटते आता. हाताला काम द्या." मी तिचं ऐकून एकदोनदा पेरू आणि फळं कापायची सुरी टेबलावर त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, नकोय त्याला. मग मीच कापून दिला.

हळूहळू त्याने मीठ कमी आहे हे सांगणंही सोडलं. पडवीत खुर्चीवर बसायचा, उजव्या हातात विनीताने दिलेला रबरी चेंडू, आणि नजर माडांच्या पलीकडे. तिथून समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. एक दिवस सुभद्राच येऊन म्हणाली, "गो मारियान, तुमच्या घरातसून आवाज येणा नाय. माका भय वाटता." मला पण वाटत होतं. पण कुणाला सांगणार?

दिवाळीनंतर जेरीने पार्सल पाठवलं. आत चकाचक सुरी, मिटणारी. तिच्या पोटात करवत, कात्री, बाटली उघडायचं, डबा उघडायचं, आणखी काय काय. फोनवर म्हणाला, "पप्पांना बरं वाटेल." मी ती टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. आमच्या घरात सुरी हातात देत नाहीत. माझ्या सासूने, मेल्विनाबाईने, मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला हे शिकवलं होतं. सुरी खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलून घ्यायची. हातातून हातात दिली की त्या दोघांचं भांडण होतं. ही चाल आम्हां क्रिस्तांवांची की शेजारच्या हिंदूंची, देव जाणे. सुभद्राकडेही पाळतात. मी जन्मभर पाळली. तरी आम्ही रोज भांडायचो, तो भाग वेगळा.

मी आत भात उतरवून बाहेर आले तर काय! नेल्सनने ती सुरी डाव्या हाताने उचलली होती. नखाने उघडायला बघत होता, उघडेना. गुडघ्यांत धरली, निसटली. मग दातांत धरली. म्हातारा माणूस, तोंडात सुरी, मान वाकडी. पूर्वीची मी असते तर अख्खी वाडी गोळा केली असती. "दात पाडून घेवचे आसत काय?" म्हणून असा आवाज काढला असता, की समोरची कोंबडी उडाली असती. पण मी जीभ चावली. हळूच त्याच्या तोंडातून सुरी काढून घेतली आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाले, "रवांदे हां. मगे बघूया."

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग बऱ्याच दिवसांनी तो एक अख्खं वाक्य बोलला.

"माका ही मिटाची नको. सरळ सुरी होयी. पयल्यासारखी."

मी जेरीला फोन लावला. तो म्हणाला, "मम्मी, वेड लागलंय का? पप्पांचा हात चालत नाही आणि त्यांना उघडी सुरी देतेस? हात कापून घेतील. मी नाताळला येतो, मग बघू." झालं. इतके महिने साठवलेलं सगळं मी त्याच्यावर ओतलं. त्याच्या लहानपणापासून सुरुवात केली. फोन ठेवला तेव्हा इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पण भीतीही होतीच. जेरी चुकीचं बोलत नव्हता. हात खरंच चालत नव्हता. आणि तरी मला कळत होतं, की हा माणूस त्या खुर्चीत बसून बसून माझ्या डोळ्यांदेखत विझत चाललाय. त्याने इतक्या दिवसांत एकच गोष्ट मागितली होती. ती नाही म्हटली, तर पुढची मागायला तो राहील की नाही, मला सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा सांगितली.

मालवणच्या बाजारात जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धनेशचं दुकान आहे. गळ, दोरे, लाइफ जॅकेट, पर्यटकांसाठी तंबू, आणि काचेच्या काउंटरखाली सुऱ्या. धनेश पोरगा चांगला. नेल्सनला काठी टेकत येताना बघून स्वतः पायरी उतरून आला. "येवा काका, बसा."

"बसाक नाय इलंय," नेल्सन म्हणाला. काउंटरपाशी उभाच राहिला. काठी डाव्या हातात.

धनेशने एकेक सुरी काढून काचेवर मांडली. त्याच्याही घरचं तेच वळण. प्रत्येक सुरी आडवी ठेवायचा, मूठ नेल्सनकडे करायचा आणि हात मागे घ्यायचा. पहिली ही एवढी मोठी, पाठीला करवतीचे दात, मुठीच्या बुडाला होकायंत्र. "काका, ही सगळ्यात जास्त खपता."

नेल्सनने उजवा हात उचलला. खांद्यापासून सगळा हात एकदम उचलावा लागतो त्याला. तो हात काचेवर आला, मुठीवर टेकला. बोटं मुठीच्या खाली शिरेनात. काचेवर नखं खरवडल्याचा आवाज आला. सुरी थोडी सरकली. परत हात नेला, परत खरवडलं. सुरी गोल फिरून पातं त्याच्याकडे झालं. धनेश चांगल्या घरचा, त्याने नजर दुसरीकडे वळवली. दुसरी सुरी ठेवून बघितली. तेच. एक गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेही छताकडे बघायला लागलं.

नेल्सनने हात परत खाली सोडला. "चल," मला म्हणाला. "घराक जावया."

त्याचे डोळे भरले होते. मी नेल्सनला त्याच्या आईच्या मयताला रडताना बघितलं होतं, त्यानंतर आत्ताच.

आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. पेरू! टेबलावर ठेवलेली ती फळांची सुरी! त्याला नको होती म्हणून नव्हतं तोंड फिरवलं त्याने. त्याला उचलता येत नव्हती. मूठ मिटत होती, चिमूट होत नव्हती. विनीता कानीकपाळी ओरडून सांगत होती. चेंडू तर मी रोज सकाळी स्वतः त्याच्या तळव्यात ठेवत होते आणि तो धरत होता. चेंडू हातात द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. सुरी मात्र आम्ही सगळी सभ्य माणसं खाली ठेवत होतो, आणि हा खाली ठेवलेल्या सुरीकडे बघत बसत होता.

असा राग आला मला! सासूचा, डॉक्टरांचा, जेरीचा, सगळ्यात जास्त माझा. मी काउंटरवरची एक सुरी उचलली, नेल्सनचा उजवा हात ओढला, मूठ तळव्यावर आपटली आणि त्याची बोटं एकेक करून वर मिटवली.

"धर!"

"काकी," धनेश घाबरून म्हणाला, "हातात दिलास..."

"तू गप रव. होवंदे काय भांडण होता ता."

नेल्सनने हाताकडे बघितलं. मूठ घट्ट मिटली होती. सुरी हलत नव्हती. त्याने हात वर केला, पातं उजेडात धरलं, मनगट जरासं वळवलं. ती पाठीवर करवत असलेली, होकायंत्राची सुरी होती.

"ही बेकार आसा," नेल्सन म्हणाला.

"बेकार कित्याक?" मी म्हणाले. माझ्या आवाजाला माझी परवानगी लागली नाही.

"मूठ पोकळ. पातं मुठीत अर्ध्यारच संपला. जोर लावलंस काय मोडतली. पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकच होया. आणि ह्या करवतीन काय कापू? तुझा डोक्या?"

"माझ्या डोक्याक करवत पुरूची नाय!"

"ता माका म्हायत आसा!"

धनेशने पाण्याचा ग्लास आणला. कुणी घेतला नाही. त्याने दुसरी सुरी आणली, लाकडी मुठीची, साध्या पोलादाची, हुबेहूब त्या जुन्या सुरीसारखी. या वेळी त्याने ती खाली ठेवली नाही, माझ्याकडे बघितलं. मी घेतली आणि नेल्सनच्या हातात दिली. त्याचा चेहरा असा उजळला, की मी गप्प राहायला हवं होतं. पण ते आता संपलं होतं.

"ही नको. ही गंजतली. खारो वारो लागलो काय दोन दिवसांत काळी."

"तेल लावूचा."

"कोण लावतलो?"

"मी."

"खंयच्या हातान?"

बोलून गेले. महिनोन्महिने जे शब्द या घरात कुणी उच्चारले नव्हते, ते मी भर बाजारात बोलले. धनेशने डोळे मिटून घेतले. आता याचं बीपी चढणार, आता हा पडणार, जेरी मला जन्मभर माफ करणार नाही.

नेल्सनने माझ्याकडे बघितलं. या वेळी ओळखीने बघितलं.

"डाव्यान," तो म्हणाला. "देवान दोन दिल्यान ते कशाक?"

मग थांबला. लाकडी मूठ तळव्यात फिरवून बघितली आणि तोंड वाकडं केलं. "पण मूठ बारीक आसा. घसराता." हे त्याने कबूल केलं, म्हणजे बघा. मी एरवी अशा वेळी त्याला सोडलं नसतं. त्या दिवशी सोडलं.

तिसरी निघाली ती जाड रबरी मुठीची. हात भरून पकडता येईल अशी. बोटं पात्यावर घसरू नयेत म्हणून मुठीच्या पुढे आडवा ओठ, बुडाला दोरी ओवायला भोक. पातं न गंजणारं, जाड पाठीचं, जुन्या सुरीएवढंच. धनेशने सांगितलं, की पोलाद शेवटपर्यंत एकसलग आहे, पर्यटकांना डोंगरात नेणारी पोरं हीच नेतात. म्यान कमरेला लावायचं, करकचून बसणारं. नेल्सनने ती हवेत दोनदा फिरवली. हात थरथरला, सुरी थरथरली नाही. मला वाटलं, जमलं.

"ह्यो काय रंग?" नेल्सन म्हणाला. मूठ भडक नारिंगी होती. "सुरी आसा काय संत्रा?"

"बरो आसा रंग. खडकात पडली तर लगेच दिसतली."

"पडतली कशाक?"

"मागची पडली ती?"

दारातलं गिऱ्हाईक आता उघडउघड ऐकत होतं. आणखी दोघं येऊन उभे राहिले होते.

"ती माझ्या हातासून पडूक नाय," नेल्सन सावकाश म्हणाला. "हात पडलो."

मी नाक पुसलं. तेव्हा माझं लक्ष गेलं, की काठी काउंटरला टेकवून ठेवलेली आहे. भांडताना डावा हात लागतो त्याला. त्याने ती कधी सोडली, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. तो काउंटरला पोट टेकून स्वतःच्या पायांवर उभा होता, तोंड लाल, कपाळावर घाम, आणि धनेशला सांगत होता, "नारंगी तर नारंगी. बांध. हिचा तोंड बंद होवचा नाय."

घरी आल्यावर मी घाबरून मशीन लावून बीपी बघितलं. होतं तेवढंच होतं. माझंच बघायला हवं होतं.

चांगली सुकती सकाळच्या वेळेला आली तशी आम्ही खडकांवर गेलो. पूर्वी तो पुढे जायचा आणि मी कधी जायचेच नाही. आता मी हात धरला तर झिडकारायचा आणि सोडला तर थांबायचा. दहा पावलांच्या वाटेला आम्ही किती वेळ लावला आणि त्यात कुठल्या दगडावर पाय ठेवायचा यावर किती भांडलो, ते सांगत नाही. एका सपाट दगडावर तो बसला. समोर पाणी लांब गेलं होतं आणि खडक कालवांनी भरले होते. मी म्यानातली सुरी काढली, त्याच्या तळव्यात ठेवली, दोरी मनगटात अडकवली. डाव्या हाताने त्याने कालव धरलं, टोक शिंपल्यांच्या सांध्यात घातलं, पिळलं. शिंपला फुटला, आतलं सगळं चिरडलं. दुसरंही फुटलं. मी काही बोलले नाही.

"बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"पयली काय म्हणा होतंस? घाई करतंस, घाई करतंस."

"घाई करतंस," मी म्हणाले.

तिसरं उघडलं. सुरीच्या टोकावर ते कालव घेऊन त्याने हात माझ्या तोंडाशी आणला. तो हात इतका लांब येताना मी ईस्टरनंतर पहिल्यांदा बघितला. खाल्लं. खारट, थंड. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि काही केल्या थांबेना.

नेल्सन पाण्याकडे बघत म्हणाला, "मारियान, माका वाटला डॉक्टरान तुका सांगल्यान आसतला, ह्यो आता जावचो. तू भांडाची बंद झालंस. माका म्हटला, संपला. मेल्ल्या माणसाबरोबर कोण भांडणा नाय."

इतके महिने तो त्या खुर्चीत बसून हे मनात धरून होता. आणि मी त्याला जपत होते.

"आदी सांगाक काय झाल्ला तुका?" मी रडत रडत ओरडले.

"तू इचारलंस खंय?"

"मी इचारूचा? तुका तोंड नाय?"

"आसा तर! पण थंय तुझा 'हो रे, हो रे'! त्या 'हो रे'क काय उत्तर देऊ?"

पुढे बराच वेळ चाललं. लांब रापण ओढणारे हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागले. पाणी परत चढायला लागून माझ्या पायाशी आलं तेव्हा पिशवीत ओंजळभर कालवं झाली होती, त्यातली अर्धी फुटकी. बोलता बोलता नेल्सनने दोरी सोडून सुरी मांडीवर ठेवली होती. ती मी धुऊन पदराला पुसली.

"अजून एक काढतंय," तो म्हणाला आणि उजवा हात पुढे केला.

मी सुरी त्याच्या हातात दिली.